जर्मनीतील निवासकार्डाची ऑनलाइन ओळख : पिनपासून पेन्शनच्या नोंदीपर्यंत

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या भारतीयांच्या पाकिटात जे निवासकार्ड असते, ते बहुतेक जण विमानतळावर किंवा बँकेत कोणी मागितले, तरच बाहेर काढतात. १ सप्टेंबर २०११ पूर्वी हा निवास परवाना पासपोर्टात चिकटवलेल्या कागदाच्या स्वरूपात मिळत असे. त्या दिवसापासून तो चिप असलेल्या स्वतंत्र कार्डाच्या रूपात दिला जाऊ लागला. चिपमध्ये छायाचित्र, बोटांचे ठसे आणि परवान्याच्या अटी असतात, हे साधारणपणे सर्वांना ठाऊक असते. त्याच चिपमध्ये ऑनलाइन ओळख पटवण्याची सोयही असते आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण झालेल्या कार्डधारकाला ती वापरता येते, याची माहिती मात्र अनेकांना काम अडल्यावरच होते. कर विवरणपत्र, पेन्शनची नोंद, वर्तणुकीचा दाखला, वाहन परवान्यावरील दंडगुण अशी अनेक कामे या कार्डाच्या आधारे, कोणत्याही कार्यालयात न जाता करता येतात.

या विषयावर जर्मन भाषेत मार्गदर्शन भरपूर उपलब्ध आहे. परंतु ते मुख्यतः जर्मन नागरिक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. चोवीस वर्षांवरील जर्मन नागरिकाचे ओळखपत्र दहा वर्षे चालते. आपले ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) एका वेळी जास्तीत जास्त चार वर्षांचे असते आणि विद्यार्थ्याचा परवाना तर अनेकदा एक-दोन वर्षांतच संपतो. प्रत्येक नूतनीकरणात नवे कार्ड, नवी चिप आणि नवा पिन येतो, आणि जुन्या कार्डाशी जोडलेली ऑनलाइन खाती पुन्हा जोडावी लागतात. म्हणून आपल्या दृष्टीने ही सोय ‘एकदा केले की झाले’ अशी नाही, आणि पुढील सर्व सूचना हे गृहीत धरून दिल्या आहेत.

पिनचे पत्र

निवासकार्डासाठी अर्ज केल्यानंतर, कार्ड छापणारी बुंडेसड्रुकराय ही संस्था नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने एक पत्र पाठवते. त्यात पाच अंकी प्रारंभिक पिन, दहा अंकी पुक आणि कार्ड हरवल्यास ते बंद करण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द असतो. या तिन्हींची कामे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक अडचणींचे मूळ असते. पाच अंकी पिनने कोणत्याही संकेतस्थळावर प्रवेश मिळत नाही; तो फक्त एकदाच, स्वतःचा सहा अंकी पिन ठरवण्यासाठी वापरायचा असतो आणि त्यानंतर तो निरुपयोगी होतो. पुक हा चुकीच्या पिनमुळे अडकलेले कार्ड मोकळे करण्यासाठी असतो. परवलीचा शब्द तर फक्त दूरध्वनीवर सांगायचा असतो. याशिवाय कार्डाच्या दर्शनी बाजूवर सहा अंकांचा कॅन नावाचा क्रमांक छापलेला असतो. तोही सहा अंकी असल्यामुळे अनेक जण त्यालाच पिन समजून बसतात.

हे पत्र न मिळण्याचे अगदी साधे कारण म्हणजे पत्रपेटीवर आपले नाव नसणे. जर्मनीत टपाल घरक्रमांकाबरोबर पेटीवरील आडनाव पाहून टाकले जाते, कारण इमारतींतील घरांना आपल्याकडच्यासारखे फ्लॅट क्रमांक सहसा नसतात. चार जणांच्या सामायिक घरात पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव पेटीवर नसेल, तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा परवान्याचा अर्ज करण्याआधीच पेटीवर, पासपोर्टात जसे आहे त्याच स्पेलिंगने, आडनाव चिकटवावे. ‘केअर ऑफ’ लिहून काम भागेल असे मानू नये.

पत्र आलेच नाही किंवा हरवले, तर कार्ड हातात घेताना परदेशी नागरिक कार्यालयातील खिडकीवरच नवा पिन ठरवून मागावा. तेथील यंत्रावर सहा अंक आपण स्वतः टाकायचे असतात. कर्मचाऱ्याला ते सांगावे लागत नाहीत. कार्ड घेताना आपण ज्या कागदावर सही करतो, त्यात पिनचे पत्र मिळाल्याची कबुलीही असते, म्हणून सही करण्याआधी पत्र खरोखर मिळाले आहे की नाही, हे सांगणे आपल्याच हिताचे आहे. विसरलेला पिन टपालाने नव्याने मागवण्याची एक मोफत ऑनलाइन सोय पूर्वी होती. ती २०२३ च्या अखेरीस खर्चाच्या कारणाने स्थगित करण्यात आली. जुन्या लेखांत अजूनही तिचा उल्लेख सापडतो. त्यावर विसंबून न राहता कार्यालयाची वेळ घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मोठ्या शहरांत अशी वेळ मिळायला किती आठवडे लागतात, हे तेथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच पिन पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकावा.

पिन ठरवणे आणि पहिली चाचणी

यासाठी जर्मन संघराज्य शासनाचे आउसवाइसॲप हे मोफत ॲप लागते. पूर्वी त्याच्या नावापुढे दोनचा आकडा होता. आता तो काढून टाकला आहे. ॲपची भाषा इंग्रजी ठेवता येते. ज्या मोबाइलमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरलेल्या कार्डाची चिप वाचण्याची सोय आहे, असे बहुतेक अँड्रॉइड फोन आणि आयफोन ७ पासून पुढचे सर्व आयफोन कार्ड वाचू शकतात. वेगळे कार्डवाचक यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

ॲपमध्ये पिन बदलण्याचा पर्याय निवडल्यावर ते आपल्याकडे पाच अंकी प्रारंभिक पिन आहे की सहा अंकी पिन आहे, असे विचारते. येथे पाच अंकी निवडावा, कार्ड फोनच्या मागे धरावे, पत्रातील अंक टाकावेत आणि नंतर स्वतःचे सहा अंक दोनदा टाकावेत. जन्मतारीख पिन म्हणून ठेवू नये, कारण ती त्याच कार्डावर छापलेली असते आणि पाकीट चोरणारा सर्वांत आधी तीच वापरून पाहील.

कार्ड धरण्याचे तंत्र एकदा जमले की सोपे आहे. पण सुरुवातीला तेच सर्वांत जास्त वैताग आणते. आयफोनमध्ये एनएफसीचा अँटेना वरच्या कडेला असतो, त्यामुळे कार्ड फोनच्या पाठीवर वरच्या भागात टेकवावे. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा मध्यभागी, कॅमेऱ्याच्या खाली असतो. पण प्रत्येक कंपनीची जागा वेगळी असल्याने कार्ड हळूहळू सरकवून ती शोधावी लागते. फोनचे जाड किंवा धातूचे कव्हर काढावे, कार्ड पाकिटातून बाहेर घ्यावे, कारण बँकेचे कार्ड चिकटून असेल तर दोन्ही चिप एकमेकींत व्यत्यय आणतात. वाचन सुरू झाल्यावर फोनच्या थरथरीने दचकून कार्ड उचलले की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. सर्वांत बरे म्हणजे कार्ड टेबलावर ठेवून फोन त्यावर ठेवावा आणि काम पूर्ण झाल्याचे ॲपने सांगेपर्यंत दोन्हींना हात लावू नये.

पिन चुकला तर काय होते, हे आधीच माहीत असलेले बरे. दोनदा चुकल्यावर तिसऱ्या प्रयत्नाआधी ॲप कार्डावरील कॅन क्रमांक मागते. कार्ड खरोखर आपल्या हातात आहे, याची ती खातरजमा असते. तिसऱ्यांदाही चुकला तर पिन अडकतो आणि पुक टाकावा लागतो. पुक दहा वेळा वापरता येतो. मात्र त्याने नवा पिन मिळत नाही, जुन्याच पिनसाठी पुन्हा प्रयत्न मिळतात. म्हणजे पिन आठवतच नसेल, तर पुक जवळ असूनही उपयोग नाही. दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा अंदाजाने करू नये, आधी कागदपत्रांची फाइल शोधावी.

पिन ठरला की लगेच कोणत्याही शासकीय सेवेकडे न वळता ॲपमधील ‘स्वतःची माहिती पाहा’ हा पर्याय वापरावा. चिपमध्ये आपल्याविषयी काय लिहिले आहे, ते पडद्यावर दिसते, आणि मराठी वाचकाने ही पायरी कधीच वगळू नये, असे माझे मत आहे. आपल्या पासपोर्टात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा एकत्र छापलेले असते. त्यामुळे चिपमध्येही ‘मृणाल’ एवढेच नाव न राहता ‘मृणाल दत्तात्रय’ असे जोडनाव येते. विद्यापीठ, आरोग्य विमा किंवा बँक यांच्याकडे आपण फक्त ‘मृणाल’ दिलेले असेल, तर दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत, हे संगणकाला समजत नाही आणि अर्ज काहीही नीट कारण न देता पुढे सरकत नाही. ऑनलाइन ओळखीत नावाचा रकाना चिपमधूनच भरला जातो, तो हाताने दुरुस्त करता येत नाही. म्हणून बाकीच्या सर्व ठिकाणी पासपोर्टाप्रमाणेच पूर्ण नाव द्यावे. पतीचे नाव, माहेरचे आडनाव यांचे जे काही करायचे ते पासपोर्टात करावे, येथील अर्जांत नव्हे. चिपमधील पत्ताही याच वेळी पाहून घ्यावा. घर बदलल्यावर कार्डाच्या मागे नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावली जाते, त्याच वेळी चिपमधला पत्ताही बदलायला हवा; तो जुनाच राहिला असेल, तर कार्यालयात जाऊन बदलून घ्यावा, नाही तर दाखले जुन्या घरी जातील.

ओळख पटवताना प्रत्यक्षात काय घडते

भारतात आधार क्रमांक टाकायचा आणि मोबाइलवर ओटीपीची वाट पाहायची, याची आपल्याला सवय असते. येथे ओटीपी नसतो. कार्ड हातात असणे आणि पिन माहीत असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ओळख पटते. मोबाइल क्रमांक कोणत्या देशाचा आहे, याच्याशी या ओळखीचा संबंध नाही. त्यामुळे सुट्टीत पुण्याला किंवा पणजीला आलेल्या माणसालाही तेथून आपले जर्मन करखाते उघडता येते, फक्त कार्ड आणि इंटरनेट जवळ हवे.

दुसरा फरक असा की, माहिती मागणाऱ्यालाही स्वतःची ओळख द्यावी लागते. कार्डातील माहिती वाचण्यासाठी प्रत्येक सेवेकडे शासनाने दिलेले अधिकृत प्रमाणपत्र असावे लागते. पिन टाकण्याआधी ॲप एक पडदा दाखवते. त्यावर माहिती कोण मागत आहे आणि नेमके काय मागत आहे, हे लिहिलेले असते: नाव, पत्ता, जन्मतारीख, परवान्याच्या अटी वगैरे. हा पडदा न वाचता पुढे जाण्याची सवय लावून घेऊ नये. करपरताव्याच्या नावाने येणारे फसवे ईमेल जर्मनीतही येतात, आणि अशा दुव्यावरून उघडलेल्या पानाला हे प्रमाणपत्र दाखवता येत नाही. पिन संकेतस्थळावरील रकान्यात टाकायला कोणी सांगत असेल, तर तेथेच थांबावे. पिन नेहमी ॲपमध्येच टाकायचा असतो. छायाचित्र आणि बोटांचे ठसे मात्र या मार्गाने कोणालाच वाचता येत नाहीत. ते सीमेवरील आणि इतर अधिकृत तपासणीसाठी राखून ठेवलेले आहेत.

मोबाइलवरच अर्ज भरत असाल तर ब्राउझरमधून ॲप आपोआप उघडते. लांबलचक अर्ज संगणकावर भरायचा असेल, तर संगणकावरही तेच ॲप बसवून फोनला कार्डवाचक म्हणून जोडता येते. दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असावी लागतात, आणि अडचण येते ती नेमकी इथेच. वसतिगृहांच्या व हॉटेलांच्या वायफायवर उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत आणि कार्यालयाच्या लॅपटॉपवर ॲप बसवण्याची मुभा नसते. अशा वेळी संपूर्ण काम मोबाइलवर करणे हाच सरळ उपाय.

कोणती खाती आधी उघडावीत

पहिले खाते बुंडआयडीचे उघडावे. हे शासकीय सेवांचे मध्यवर्ती नागरिक खाते असून अनेक राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या सेवा त्यातून प्रवेश देतात. त्यात केवळ नाव व पासवर्ड देऊनही खाते उघडता येते. पण मग विश्वासाची पातळी सर्वांत खालची मिळते आणि महत्त्वाचे अर्ज करता येत नाहीत. कार्डाने उघडलेल्या खात्याला सर्वांत वरची पातळी मिळते. २०२३ मध्ये ऊर्जेच्या वाढलेल्या खर्चासाठी विद्यार्थ्यांना एकदाच २०० युरो देण्यात आले, तेव्हा अर्जासाठी हेच खाते लागत होते आणि ज्यांच्या कार्डाचा पिन तयार होता, त्यांचे काम काही मिनिटांत झाले. या खात्याला एक टपालपेटीही असते. तिच्यात शासकीय उत्तरे येतात आणि त्यांतील मुदती खऱ्या असतात, म्हणून अर्ज केल्यानंतर ती अधूनमधून उघडून पाहावी.

दुसरे खाते एल्स्टरचे, म्हणजे कर विभागाचे. त्यासाठी आपला अकरा अंकी करओळख क्रमांक जवळ ठेवावा. एल्स्टरमध्ये कार्डाव्यतिरिक्त प्रमाणपत्राच्या फाइलनेही प्रवेश करता येतो. त्या मार्गात सक्रियतेचा संकेतांक टपालाने येतो आणि वाट पाहावी लागते. तरीही मी सुचवेन की, कार्डाने काम चालत असले तरी प्रमाणपत्राची फाइल वेगळी मिळवून ठेवावी. याचे कारण कार्डाच्या नूतनीकरणात आहे आणि ते पुढे येईलच. जे विवरणपत्र भरण्यास बांधील आहेत, त्यांची सर्वसाधारण मुदत पुढील वर्षाच्या ३१ जुलैला संपते, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा पिन शोधायला बसू नये.

पेन्शन विमा संस्थेच्या संकेतस्थळावर कार्डाने प्रवेश करून आपल्या नावावर किती महिन्यांची वर्गणी जमा आहे, याची नोंद मागवता येते. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ही नोंद भारतात परतणाऱ्यासाठीही मोलाची आहे. वर्तणुकीचा दाखला बॉनमधील संघीय न्याय कार्यालयाकडून १३ युरोंत ऑनलाइन मागवता येतो. तो कागदावर छापून टपालाने येतो. शाळेत, पाळणाघरात किंवा सुरक्षेशी संबंधित नोकरीत तो मागितला जातो. वाहन चालवणाऱ्यांना फ्लेन्सबुर्गच्या वाहन कार्यालयातून आपल्या नावावर किती दंडगुण आहेत, हे विनाशुल्क कळते. आठ गुण झाले की परवाना जातो. गाडीची नोंदणीही १ सप्टेंबर २०२३ पासून बऱ्याच अंशी ऑनलाइन झाली आहे.

कार्ड बदलताना

चिपमधून सेवेला मिळणारी खूण त्या एका कार्डापुरती असते. नवे कार्ड आले की नाव, जन्मतारीख, पत्ता सगळे तेच असूनही जुन्या खात्याच्या दृष्टीने ते अनोळखी असते. म्हणून जुने कार्ड परत देण्याआधी प्रत्येक खात्यात प्रवेशाचा दुसरा मार्ग, म्हणजे एल्स्टरची प्रमाणपत्र फाइल किंवा जेथे चालते तेथे पासवर्ड, जोडून ठेवावा; मग नवे कार्ड मिळाल्यावर त्या दुसऱ्या मार्गाने आत जाऊन ते जोडता येते. पासपोर्ट नवा काढल्यामुळे कार्ड बदलले असेल, तरी हेच लागू आहे. नव्या कार्डाबरोबर नवे पिनपत्र येते. जुने पत्र फाडून टाकावे, नाही तर घाईत जुनाच पुक टाकला जातो.

परवान्याची मुदत संपली आणि निर्णय अजून व्हायचा असेल, तर कार्यालय एक कागदी तात्पुरते प्रमाणपत्र देते. त्याने जर्मनीतील वास्तव्य कायदेशीर राहते. पण त्या कागदात चिप नसते आणि मुदत संपलेल्या कार्डाची ऑनलाइन ओळख चालत नाही. हा काळ काही ठिकाणी कित्येक महिन्यांचा असतो. त्यामुळे कार्डावरील अखेरची तारीख जवळ आली की कर, पेन्शन, दाखले यांपैकी जे पुढे लागणार आहे, ते त्या तारखेआधीच उरकावे.

कार्ड हरवल्यास ११६ ११६ या क्रमांकावर दिवसरात्र ऑनलाइन ओळख बंद करता येते; भारतातून त्याआधी +४९ लावावे, आणि तो लागत नसेल तर +४९ ३० ४० ५० ४० ५० हा क्रमांक वापरावा. तेथे पिनपत्रातील परवलीचा शब्द विचारला जातो, म्हणून तो शब्द पाकिटात न ठेवता फोनमधील पासवर्ड व्यवस्थापकात लिहून ठेवावा. बंद केलेले कार्ड सापडले, तरी ओळख पुन्हा सुरू करण्यासाठी कार्यालयातच जावे लागते. सुट्टीत भारतात असताना कार्ड हरवले, तर प्रश्न केवळ ऑनलाइन सेवांचा राहत नाही. जर्मनीत परत प्रवेश करण्यासाठी महाराष्ट्र आणि गोव्यातील व्यक्तीला मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जावे लागते.

जर्मनी कायमची सोडताना परवाना संपुष्टात येतो; एरवीही सलग सहा महिने, ब्ल्यू कार्ड असल्यास बारा महिने, देशाबाहेर राहिल्यास सर्वसाधारणपणे तो संपतो. त्यामुळे सामान बांधण्याच्या आधीच्या आठवड्यात पेन्शनच्या महिन्यांची संपूर्ण नोंद, मागील वर्षांचे कर निर्णय आणि बुंडआयडीच्या टपालपेटीतील सर्व पत्रे उतरवून घ्यावीत, एल्स्टरची प्रमाणपत्र फाइल पासवर्डसह दोन ठिकाणी जतन करावी आणि पेन्शन संस्थेला व कर कार्यालयाला भारतातील पत्ता पिनकोडसह कळवावा.